आग्नेय कोपऱ्यातला खड्डा

स्लॅब आपल्याच्यानं व्हायचा नाही, हे ह्यांनी पहिल्यांदा कबूल केलं तेव्हा आम्ही दोघं पायाडावर उभे होतो. भिंतींचा शेवटचा थर नुकताच लावून झाला होता. माझे हात कोपरापर्यंत सिमेंटनं पांढरे झाले होते. ह्यांनी थापी खाली ठेवली, चार भिंतींवरच्या मोकळ्या आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "हितनं पुढं माणूस बघाया पाहिजे."

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. दीड वर्षात आम्ही सुट्टीचा एक दिवस घरात बसून काढला नव्हता. पण मला हायसं वाटलं नाही. माणूस येणार म्हणजे तो आमचं काम बघणार, ठोकणार, प्रश्न विचारणार. आणि आमच्या कामात एक जागा अशी होती की ती कुणी नीट बघू नये असं मला वाटत होतं.

हे बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर आहेत. मी बारामतीतच एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. लग्नापासून आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. माझे सासरे, आबा, पळसदेवला राहतात. डाळजजवळ, हायवेपासून थोडं आत, त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता. तो त्यांनी आम्हाला घरासाठी दिला. ह्यांचं म्हणणं असं की ज्याला लोखंड सुतासारखं सरळ करता येतं त्याला विटा सरळ लावता आल्या पाहिजेत. फोनवर व्हिडिओ बघून, कंपनीतल्या एका जुन्या बांधकामवाल्याला विचारून ह्यांनी सगळं शिकून घेतलं. कॉलमच्या रिंगा स्वतः वाकवल्या. मी वाळू चाळली, माल कालवला, आणि सहा महिन्यांत विटाही लावायला लागले. रविवारी पहाटे आम्ही गाडीवर निघायचो, भिगवण रस्त्यानं डाळजला पोचायचो, आणि दिवस मावळला की परत. त्या दिवसांत मी सुखात होते. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल की सगळा काळ भीतीतच गेला.

भीती सुरू झाली ती नवव्या खड्ड्यापासून.

आमची जमीन काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर घर ठेवायचं नसतं. कॉलमचे खड्डे खाली मुरूम लागेपर्यंत न्यायचे, आणि मुरमावरच पाया ठेवायचा, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या घराला नऊ कॉलम. आठ खड्डे आम्ही दोघांनी मिळून खणले. कुठं पाच फुटांवर, कुठं सहावर पिवळसर, खरखरीत मुरूम लागला. नववा राहिला आग्नेय कोपऱ्यातला, जिथं स्वयंपाकघर होणार होतं. मे महिना होता. ह्यांच्या कंपनीत मशिनरीचं मोठं दुरुस्तीचं काम निघालं आणि दोन आठवडे सुट्टी मिळेना. मला कॉलेजला सुट्टी होती. मी म्हटलं, मी खणते. जवळच्या वस्तीवरची एक बाई घमेली ओढायला घेतली आणि मी खाली उतरले.

चार फुटांवर राख लागली. बारीक, करडी राख, मध्येच कोळशाचे खडे. मला वाटलं, कुणीतरी कधी काडीकचरा जाळला असेल. ती उपसली तर खाली अजून राख. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेपाच फुटांवर पहार टणकन वाजली. खाली तांबूस, कडक थर होता. वरची बाई वाकून बघत होती. ती म्हणाली, "ताई, ही भाजल्याली माती दिसती. मुरूम असा न्हाय बगा."

मी तिला म्हटलं, मुरूमच आहे. दोन्ही तळव्यांवरचे फोड फुटले होते. खड्ड्यात वारा नव्हता, आणि उन्हानं डोळ्यांपुढं काळे ठिपके येत होते. मला त्या खड्ड्यातून बाहेर यायचं होतं, बस. संध्याकाळी मी ह्यांना फोन केला आणि सांगितलं, लागला मुरूम. ह्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. रविवारी हे आले, वरून खड्ड्यात डोकावले, आणि आम्ही लोखंडाची जाळी खाली सोडली.

त्यानंतर वर्षभर मी त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर वीट ठेवताना प्रत्येक वेळी हात हलका ठेवायची. त्यानं काही होत नाही, हे मला कळत होतं. तरी ठेवायची.

स्लॅबसाठी जे मिस्त्री आले त्यांना सगळे चाचा म्हणत. बारामतीतले, साठीच्या पुढचे, पांढरी दाढी बारीक कापलेली, पायात रबरी चप्पल. चाळीस वर्षं त्यांनी स्लॅबशिवाय दुसरं काम केलं नव्हतं. ते आले आणि पहिला अर्धा तास कुणाशी बोललेच नाहीत. भिंतींना ओळंबा लावून बघितला. कॉलमवर छोट्या हातोडीनं ठोकून कान लावला. मी बाटलीत पाणी घेऊन त्यांच्या मागं मागं फिरत होते आणि माझं सगळं अंग त्यांच्या हातोडीच्या आवाजाकडं लागलं होतं.

मग ते म्हणाले, काम चांगलं केलंय, शिकलेल्या मिस्त्रीपेक्षा बरं केलंय. ह्यांचा चेहरा उजळला. चाचा एकेका कॉलमजवळ जाऊन विचारायला लागले, इथं मुरूम कितीवर लागला. हे सांगत गेले. पाच. सहा. साडेपाच. आग्नेय कोपऱ्याशी आल्यावर ह्यांनी साडेपाच सांगितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

चाचांनी चपलेनं तिथली माती उकरली. "ही राख कशाची?"

"चुलीची," हे पटकन म्हणाले. "हितंच च्या करायचो की आमी."

आम्ही चहा करायचो तो रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली. त्या कोपऱ्यात आम्ही कधीच चूल मांडली नव्हती. मला वाटलं, ह्यांचा गोंधळ झाला असेल. मी गप्प राहिले.

चाचांनी काम घेतलं. आठवड्यात सेंटरिंगचं, म्हणजे ओला स्लॅब पेलून धरायचं, सामान येऊन पडलं, लोखंडी प्लेटा, बल्ल्या, फळ्या. मला जेवण जाईना. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुताना माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायचं. स्लॅब पडलाय, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. कधी त्या चित्रात हे आत असायचे, कधी कामावरच्या बाया. मी हिशेब करत राहायची की नुसत्या भिंती वर्षभर उभ्या आहेत, पावसाळाही गेला, काही झालं नाही, म्हणजे खाली कडकच असणार. मग लगेच आठवायचं की भिंतींचं वजन वेगळं आणि त्यावर ओल्या काँक्रिटचं वजन वेगळं.

शेवटी मी एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर पळसदेवला आबांकडं गेले. ह्यांना सांगितलं, आबांची औषधं द्यायला जाते. आबा पडवीत बसून जाळं विणत होते. हातांना काहीतरी चाळा पाहिजे म्हणून ते उजनीत मासे धरणाऱ्या शेजाऱ्यांची जाळी दुरुस्त करून देतात. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं की आपल्या डाळजच्या रानात पूर्वी काय होतं.

आबा म्हणाले, "गुऱ्हाळ व्हतं की. माझ्या चुलत्याचं. मी ल्हान असताना तितंच गूळ खात फिरायचो."

मी विचारलं, गुऱ्हाळ नक्की कुठं होतं. आबांनी हातातली सुई बाजूला ठेवली आणि पडवीच्या जमिनीवर बोटानं रान आखून दाखवलं. ही विहीर, हा बांध, ही बाभळ. उसाचा चरक इथं. आणि चुलाण इथं, म्हणजे रस आटवायच्या काहिलीखाली जाळ घालायची ती मोठी भट्टी. तिच्यापासून धुराड्यापर्यंत जमिनीखालून भुयार होतं, माणूस वाकून जाईल एवढं. गुऱ्हाळ बंद पडल्यावर चुलाणात राख आणि चिपाडं लोटली आणि वरून माती ओढली. भुयार बुजवलं का, असं मी विचारलं. आबा म्हणाले, "त्ये कोण बुजवतंय? तोंडं बंद केली, झालं."

त्यांचं बोट आग्नेय कोपऱ्यावर टेकलेलं होतं.

मी चहा न घेताच उठले. हायवेला येईपर्यंत सगळं जुळलं होतं. साडेपाच फुटांवर जे टणकन वाजलं तो चुलाणाच्या भुयाराचा माथा होता. वर्षानुवर्षं जाळ लागून विटेसारखा भाजलेला. आणि मी त्याच्यावर उभी राहून पहार मारत होते. आमच्या घराचा एक कॉलम त्या माथ्यावर उभा होता, आणि चार दिवसांनी तिथं स्लॅब ओतला जाणार होता.

रविवारी दिवसभर ह्यांच्याबरोबर असूनही मी तोंड उघडलं नाही. सोमवारी मी रजा टाकली आणि एकटीच साइटवर गेले. चाचांची माणसं सेंटरिंग चढवत होती. निम्म्या प्लेटा लागल्या होत्या. मी चाचांना पाण्याच्या टाकीजवळ बाजूला बोलावलं. वाक्य मी रस्ताभर जुळवत आले होते, पण तोंडातून नीट निघालंच नाही. मी एवढंच म्हणू शकले की तो खड्डा मी खणलाय, आणि तिथं मुरूम लागला नव्हता. मग बाकीचं सांगितलं. राख, तांबडा थर, आबांचं बोट.

मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी आपल्या माणसांना हाक मारून त्या बाजूच्या खोलीतून बाहेर यायला सांगितलं, आणि सगळे बाहेर येईपर्यंत मोजत उभे राहिले. त्यांचा चेहरा तेव्हा राखेसारखाच झाला होता. तो चेहरा बघून माझी उरलीसुरली आशाही गेली. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस घाबरला होता.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही गोष्ट भाऊंला तुमी सांगा. मी सांगितली तर त्यांना वाटंल मिस्त्री काम वाढवतोय."

मी म्हटलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, वाटणारच, पण त्याला इलाज नाही.

हे चार वाजता पहिली पाळी संपवून तडक तिकडं आले. मी रस्त्यापर्यंत पुढं गेले. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं, कारण थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. हे ऐकत होते. हेल्मेट डोक्यातच होतं, त्यामुळं मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी बोलायची थांबल्यावर ह्यांनी हेल्मेट काढलं, गाडीच्या आरशाला अडकवलं आणि घराकडं चालायला लागले.

"चाचा, पहार द्या," हे म्हणाले.

चाचा म्हणाले, भिंतीला चिकटून नको, चार हात लांबून बघू. ह्यांनी कोपऱ्याच्या बाहेर जागा धरली. दोन माणसांनी तिथं चार फूट खणून दिलं, राख लागेपर्यंत. मग हे खड्ड्यात उतरायला निघाले. चाचांनी त्यांचा दंड धरला आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरू दिलं नाही. दोराचं दुसरं टोक दोन माणसांनी धरलं. मी थोडी मागं उभी होते आणि ओढणीचं टोक दातात धरलं होतं.

पहिले पाच-सहा घाव राखेत बसले. मग तो आवाज आला, टणकन, मला ओळखीचा. ह्यांनी वर बघितलं नाही. अजून जोरात पहार मारली. दहावा की बारावा घाव असेल, पहार त्यांच्या हातातून निसटली आणि खाली गेली. अख्खी, माणसाच्या उंचीची पहार. ती खाली आदळल्याचा आवाज आला. त्या भोकातून गार, कुबट वास वर आला.

दोर धरलेल्या माणसांनी ह्यांना जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. हे जमिनीवर बसले आणि बराच वेळ त्या भोकाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू दोन दिवस ह्याच्यावर हुबी व्हतीस."

मी रडायला लागले. मला आरडाओरडा अपेक्षित होता. तो झाला असता तर सोपं गेलं असतं.

परत बारामतीला जाताना आम्ही भिगवणला एका टपरीवर थांबलो. चहा पुढ्यात आला तेव्हा ह्यांनी सांगितलं की त्या रविवारी खड्ड्याशेजारचा करडा ढीग त्यांनी बघितला होता. काळ्या मातीच्या खड्ड्यातून एवढी राख कुठून आली, हे त्यांच्या मनात आलं होतं. विचारलं असतं तर पुन्हा खणावं लागलं असतं, आणि जाळी तयार होती, माल तयार होता. म्हणून विचारलं नाही. चाचांना चुलीचं सांगितलं तेही म्हणूनच.

"म्हंजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"माहीत न्हवतं. इचारलं न्हाय मी."

म्हणजे वर्षभर आम्ही दोघं एकाच भिंतीवर विटा लावत होतो, आणि दोघांनाही तीच भीती होती, आणि दोघांनीही ती एकमेकांपासून लपवली होती. मला राग आला. ह्यांचाही आणि माझाही. पुढचे चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

दुसऱ्या दिवसापासून उलटं काम सुरू झालं. चाचांनी त्या बाजूचं सेंटरिंग उतरवलं. कोपऱ्याला येऊन मिळणाऱ्या दोन्ही भिंती निम्म्या उतरवल्या, एकेक वीट हातानं काढून. खालच्या प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, तुळयांना लोखंडी जॅक दिले. आणि कॉलम फोडायचा होता. चाचा म्हणाले, माझी माणसं फोडतील. ह्यांनी ऐकलं नाही. स्वतः वाकवलेल्या रिंगा ह्यांनी स्वतः कापल्या. दोन दिवस हातोडा चालला. मी त्या दोन दिवसांत कॉलेजला गेले, कारण तो आवाज मला ऐकवत नव्हता.

भुयाराचा माथा कडेकडेनं पाडत चाचांच्या माणसांनी ते सगळं मोकळं केलं. आत राख, चिपाडांचा कुजून झालेला काळा लगदा, एक फुटकी कढई, आणि आमची पहार. खरा मुरूम लागला तो अकरा फुटांवर. चाचांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं काहीतरी नवीन निघालं. पण त्यांनी वर काढलेला एक खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, हा बघून ठेवा. पिवळसर, खरखरीत, चोळला की वाळूसारखा सुटणारा. मग दुसऱ्या हातावर भुयाराच्या माथ्याचा तांबडा तुकडा ठेवला. तो चोळला तरी हलत नव्हता. एका नजरेत फरक कळत होता. कुणाही माणसाला कळला असता. मी मान वर करू शकले नाही.

खालून दगड आणि काँक्रिट भरत नवा पाया वर आणला. नवा कॉलम उभा राहिला, भिंती पुन्हा चढल्या. त्याला महिना लागला. पुन्हा सेंटरिंग लागलं, लोखंड बांधून झालं, आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्लॅबचा दिवस उजाडला.

आबांना पळसदेवहून आणलं होतं. त्यांनी नारळ फोडला. काँक्रिट कालवायचं मशिन धडधडायला लागलं, लिफ्ट वर-खाली व्हायला लागली, वीसेक माणसं वर घमेली ओतत होती. चाचांनी सगळ्यांना बजावलं होतं की खाली त्यांच्या एका माणसाशिवाय कुणी जायचं नाही. तो माणूस बल्ल्यांमधून फिरत होता आणि एकेक पाचर ठोकून घट्ट करत होता. मी बाभळीखाली आबांशेजारी बसले. वर ओतल्या जाणाऱ्या प्रत्येक घमेल्याबरोबर मी श्वास धरत होते. आबा मधून मधून काहीतरी बोलायचे, मी हूं म्हणायची.

दुपारी बाराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या बाजूनं लाकूड कण्हल्यासारखा आवाज आला. मशिनच्या आवाजात तो कुणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही. मला ऐकू गेला. मी उठून उभी राहिले. लगेच आतून चाचांचा माणूस ओरडत बाहेर आला की कोपऱ्यातली बल्ली खचली. चाचांनी हात वर केला. मशिन बंद झालं. वरची माणसं जिथल्या तिथं थांबली. चाचांनी त्यांना सांगितलं, कुणी पळू नका, एकेक करून पश्चिमेच्या बाजूला जा, सावकाश.

मग ते स्वतः आत शिरले. आणि त्यांच्या मागोमाग हे. मी ओरडून थांबवायला हवं होतं, ते केलं नाही. आबांनी माझं मनगट धरलं होतं की मी त्यांचं, हे आता आठवत नाही.

बाहेरून दोन माणसं आत फळ्या देत होती. आतून हातोड्याचे घाव ऐकू येत होते. मध्येच ते थांबायचे, आणि थांबले की माझ्या मनात एकच यायचं, आता. पुन्हा सुरू व्हायचे. त्या काळात मी देवाचं नाव घेतलं नाही, कसला नवस बोलले नाही. मला फक्त त्या मे महिन्यातली दुपार पुन्हा हवी होती. फोड फुटलेल्या हातांनी मी अजून सहा फूट खणलं असतं.

किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. नंतर सगळे म्हणाले दहा मिनिटं. आधी चाचा बाहेर आले, मग हे. ह्यांच्या केसांत आणि भुवयांवर सिमेंटचं पाणी ठिबकलं होतं. चाचांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि समजावून सांगितलं. पाया हललेला नव्हता. खोलीत टाकलेली मातीची नवी भर पाण्यानं ओली झाली होती, तिच्यात बल्लीचा बुडखा रुतला होता. आता खाली फळ्या टाकून शेजारी दोन बल्ल्या जास्तीच्या दिल्या होत्या. कॉलम जागेवर होता.

"ताई, तुमचा खड्डा धरून हाय," ते म्हणाले.

मला ते ऐकूनही खाली बसता येईना. मशिन पुन्हा सुरू झालं. दिवस कलायच्या आत शेवटचं घमेलं पडलं. चाचा फळी फिरवून स्लॅबवरून खाली उतरले आणि सगळ्यांच्या शेवटी जेवले. मी वाढत होते. भात वाढताना माझं लक्ष स्लॅबकडंच होतं, अर्धा भात पत्रावळीच्या बाहेर सांडला. चाचांनी तो गोळा करून खाल्ला.

पुढचे तीन आठवडे आम्ही स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवलं. सेंटरिंग काढायच्या दिवशी मी गेले नाही. ह्यांनी फोन करून सांगितलं की काढलं, सगळं ठीक आहे. मी विचारलं, नक्की? हे म्हणाले, "मी सोता खाली हुबा हाय. ये आन् बघ."

मी गेले. हे खरंच त्या कोपऱ्यात उभे होते, आणि वर काँक्रिटवर प्लेटांचे चौकोनी ठसे दिसत होते.

जिन्याचं काम आणि पाण्याची टाकी, हे दोन्ही ह्यांनी मी काही न म्हणता चाचांनाच दिलं. प्लास्टर मात्र आम्ही दोघांनी केलं. दसऱ्याला राहायला आलो.

यंदाच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीवर केसाएवढी चीर दिसली. मी हातातलं पातेलं तसंच ओट्यावर ठेवलं आणि ह्यांना हाक मारली. आम्ही दोघांनी ती बघितली. या वेळी कुणीच म्हटलं नाही की काही नाही. त्याच दिवशी चाचांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी एसटीनं आले, वाकून बराच वेळ बघितलं, नखानं प्लास्टर खरवडलं. म्हणाले, वरवरची वाटते, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. त्यांनी काचेची एक पट्टी मागवली आणि चिरेवर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंट लावून चिकटवली. भिंत हलली तर काच तडकेल, नाहीतर नाही, एवढा साधा उपाय. तडकली तर रात्र असो, दिवस असो, आधी बाहेर पडायचं आणि मग त्यांना फोन करायचा, असं त्यांनी सांगितलं.

चार महिने झाले. मी सकाळी दूध तापवायच्या आधी ती पट्टी बघते. हेही कामावर जाताना बघून जातात. अजून तरी ती सलग आहे.